तात्पर्य झाकणाऱ्या बाई

म्हात्रेबाई आमच्या गावी आल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला तीन माणसं आगरदांड्याच्या धक्क्यावर गेली होती, पण ती तिघं एका पुरुषाची वाट बघत होती.

लोकल बोर्डाच्या पत्रात 'व्ही. आर. म्हात्रे, सहायक शिक्षक' एवढंच लिहिलेलं होतं. आमचे हेडमास्तर कर्णिक गुरुजी एक छत्री जास्तीची घेऊन गेले होते, माझे काका बैलगाडी घेऊन गेले होते, आणि मी गाडीत बसायला मिळतं म्हणून गेले होते. त्या दिवशी ओहोटी होती. मचवा धक्क्यापर्यंत येईना. बाकीची उतारू मंडळी खलाशांच्या खांद्यावर बसून काठाला येत होती. सगळ्यांच्या मागून एक उंच, काळीसावळी, सडपातळ बाई डोक्यावर लोखंडी ट्रंक आणि हातात वहाणा घेऊन चिखलातून स्वतःच चालत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चिखलात पाय टाकायचा कसा आणि काढायचा कसा हे तिला चांगलं ठाऊक होतं.

काकांनी तिला विचारलं, "बाय, मचव्यावर कुनी म्हात्रे मास्तर व्हते का?"

"मास्तर नव्हते," ती म्हणाली. "म्हात्रे मीच. पाय धुवायला पाणी आहे का कुठं?"

कर्णिक गुरुजींच्या हातातली छत्री आपोआप उघडली गेली, असं काका पुढं कित्येक वर्षं सांगत. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आमचा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. गाव आगरदांड्यापासून कोसभर आत. वरच्या अंगाला आम्ही भातशेतीवाले, खाली खाडीला लागून कोळीवाडा, मशिदीजवळ दहा-बारा मुसलमान घरं. शाळा मधोमध, सातवीपर्यंत. मुलगी चौथीच्या पुढं गेली की लोक तिच्या बापाला हटकून विचारत, "अजून शालेत?" मी पाचवीत होते आणि माझ्या बापाला रोज विचारत असत.

बाई उरणकडच्या. वडील मिठागरात कामाला होते, आई होती, लहानपणी त्याही होत्या. त्यांच्या पावलांना मिठानं पडलेल्या भेगा कायमच्या राहिल्या होत्या. कपाळाला कुंकू नव्हतं. गावातल्या बायकांनी चार दिवस धीर धरला आणि पाचव्या दिवशी विहिरीवर विचारलंच. बाई म्हणाल्या, "लग्न झालं होतं. ते गेले. मी शिकले." तीन वाक्यांत त्यांनी विषय संपवला आणि घागर उचलली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्यांची एक सवय साऱ्या गावाला माहीत झाली होती. कुणाच्याही घरी जेवायला बसल्या की पानातल्या मिठाची चिमूट आधी जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हे आमच्याकडचं." किंवा, "हे आमचं नव्हे. याला घाई केलीय." आमच्या आईला वाटायचं बाई उगाच दडपून सांगतात. एकदा तिनं मुद्दाम दोन दुकानांचं मीठ दोन वाट्यांत ठेवलं. बाईंनी दोन्ही चाखलं आणि कुठलं कुठून आणलं ते बिनचूक सांगितलं. आई त्या दिवसापासून त्यांना कधीही शिळं वाढेना.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या गोष्टींबद्दल.

आमच्या वाचनमालेत दर दोन धड्यांआड एक गोष्ट असे आणि गोष्टीच्या खाली जाड अक्षरात 'तात्पर्य' असे. आम्ही गोष्ट वाचायचो नाही. तात्पर्य पाठ करायचो, कारण परीक्षेत तेच विचारत. बाईंनी पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्या घरून वाटीभर खळ शिजवून घेऊन आल्या, जुन्या वहीचे कागद पट्ट्या करून कापले आणि प्रत्येकाला आपापल्या पुस्तकातली सगळी तात्पर्यं झाकून टाकायला लावली. तो तास मला अजून आठवतो. बोटांना खळ, बाकांवर खळ, रशीदच्या केसांत खळ. रशीद तांडेलाचा मुलगा, वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारा. त्यानं विचारलं, "बाई, हे कशाला झाकायचं? छापलेलं खोटं असतं का?"

"खोटं नसतं," बाई म्हणाल्या. "पण गोष्ट वाचल्यावर ज्याचं त्याला कळतं. तुझ्या घरी आज काय चाललंय ते छापणाऱ्याला कुठं माहीत आहे?"

कर्णिक गुरुजी दारातून बघत होते. भला माणूस, पण नियमाला घाबरणारा. ते हळूच म्हणाले, "बाई, पुस्तकं बोर्डानं मंजूर केलेली आहेत."

"मी पान फाडलं नाही, गुरुजी. पांघरूण घातलंय."

शनिवारी शाळा सकाळची असे. शेवटच्या तासाला बाई पाचवी ते सातवी एकत्र बसवायच्या आणि स्वतःची एक गोष्ट सांगायच्या. राजा नाही, राक्षस नाही, बोलणारे प्राणी नाहीत. गोष्ट इतकी लहान की हातातला चिंचोका चघळून संपायच्या आत संपायची. म्हणजे संपायची नाहीच. ऐन वेळी बाई हात वर करून म्हणायच्या, "मी इथवर आणलं. पुढं तुम्ही न्या."

एक गोष्ट सांगते, म्हणजे कळेल. एका बाईनं शेजारणीकडून पाण्याचा हंडा मागून नेला. परत आणला तेव्हा त्याला पोचा होता. आणणारी काही बोलली नाही, शेजारीणही काही बोलली नाही. महिन्यानं तीच बाई पुन्हा हंडा मागायला दारात उभी. शेजारणीनं काय करावं?

एवढीच गोष्ट. पण आम्ही त्यावर तासभर भांडलो. कुणी म्हणालं, देऊ नये. कुणी म्हणालं, फुटका द्यावा. रशीद म्हणाला, "द्यावा, पण पोचा दाखवून द्यावा."

"आता दाखवावा, की पहिल्याच वेळी दाखवायला हवा होता?" बाईंनी विचारलं.

रशीदनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "पहिल्या वेळी. महिनाभर मनात ठेवला म्हणजे पोचा मोठा होतो, बाई."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांना फार आवडलं की त्या असं बाहेर बघत. शाबास वगैरे म्हणायची त्यांना सवय नव्हती. घरी गेल्यावर मी पाहिलं, तर आई आणि काकू उखळाच्या जागेवरून दोन महिने बोलत नव्हत्या. मी जेवताना हंड्याची गोष्ट सांगितली. दोघी खाली मान घालून जेवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी उखळ ओटीवरून पडवीत आलं. कुणी आणलं, कोण आधी बोललं, मला माहीत नाही.

मी वर्गात बोलत नसे. बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. कर्णिक गुरुजी मला उभं करून ठेवायचे. बाईंनी एकदाही केलं नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, "बाई, सुमन कधीच सांगत नाही." बाई म्हणाल्या, "सुमन ऐकते. सगळेच बोलले तर ऐकायचं कुणी?" त्या एका वाक्यावर मी पुढची तीन वर्षं ताठ मानेनं शाळेत गेले.

मग दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला आमच्याकडं दिपोटी म्हणत. त्यांच्या येण्याच्या आधी आठ दिवस कर्णिक गुरुजींना जेवण जात नव्हतं. त्यांनी बाईंना पट्ट्या काढायला सांगितल्या. बाई म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलं तर काढीन."

साहेब आले, टेबलावरचं पुस्तक उचललं आणि नेमकं तेच पान उघडलं. माळ्याची गोष्ट. राजाच्या बागेत माळ्याला अंगठी सापडते, तो ती परत करतो, राजा त्याला एक गाव इनाम देतो.

"हा कागद कसला?"

"तात्पर्य झाकलंय, साहेब," बाई म्हणाल्या.

"का?"

"मुलांना विचारा."

साहेबांनी वर्गावर नजर फिरवली आणि गोदीवर बोट ठेवलं. गोदी कोळीवाड्यातली, धोंडू नाखव्याची मुलगी. बारीक, चपळ, आणि बोलायला लागली की कुणाच्या बापाला न भिणारी. ती उभी राहिली.

"सांग. या गोष्टीवरून काय शिकलीस?"

"माली बरा मानूस व्हता, साहेब. पर राजानं गोष्टीचा घोटाला केला."

कर्णिक गुरुजींनी भिंतीला हात लावला.

"घोटाळा? कसला?"

"आता पुढच्या माल्याला अंगठी गावली, तर तो ती दील त्ये गावासाठी दील. मंग तो बरा हाय का लबाड हाय ते राजाला कवाच कलायचं न्हाय."

साहेबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी नखानं पट्टीचं एक टोक उचललं, खालचं जाड अक्षर वाचलं, 'प्रामाणिक माणसास बक्षीस मिळते', आणि पट्टी पुन्हा अंगठ्यानं दाबून बसवली. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं: 'पाठ्यपुस्तकांस कागद चिकटवू नयेत.' आणि गाडीत बसताना बाईंना म्हणाले, "लिहावं लागतं. गोष्टी मात्र चालू ठेवा."

बाईंनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्या पट्ट्या ओल्या फडक्यानं सोडवायला लावल्या. "साहेबांनी कागद नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "वाचताना वर हात ठेवत जा."

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, बाईंचं कधी चुकलंच नाही. चुकलं. आणि चुकलं तेही गोष्टीतच.

सहावीत असताना गोदी रोज उशिरा यायला लागली. कधी म्हणायची, वाटेत साप होता. कधी म्हणायची, घरचं घड्याळ बंद आहे, आणि त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं. एका शनिवारी बाईंनी गोष्ट सांगितली ती एका मुलीची. रोज उशिरा येणारी, रोज नवं कारण देणारी, सापाचं, घड्याळाचं. नाव वेगळं होतं, पण वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. हसू फुटलं. कुणीतरी फुस्स करून सापाचा आवाज काढला. बाईंनी हात वर केला, "पुढं तुम्ही न्या," आणि त्यांचं लक्ष गोदीच्या तोंडाकडं गेलं. तो हात तसाच राहिला.

सोमवारी गोदी आली नाही. मंगळवारीही आली नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "सुमन, मला तिचं घर दाखव."

कोळीवाड्यात वाळवणं घातली होती. दोऱ्यांवर बोंबील, खाली चटयांवर जवळा. गोदी जवळा उलटत होती. घराच्या आत खाटेवर तिची आई पडून होती, बाळंतपणात तिचं अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि मूल गेलं होतं. पहाटे पाणी भरायचं, आईचं सगळं करायचं, वाळवण पसरायचं आणि मग शाळेत यायचं, असा गोदीचा दिवस होता. घरातलं दुखणं चारचौघांत सांगायचं नाही म्हणून तिनं साप आणि घड्याळ आणलं होतं.

बाई चटईच्या कडेला, त्या ओल्या वाळूत खाली बसल्या. आजूबाजूला सात-आठ बायका काम करत होत्या, त्या थांबल्या. बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गोदे, मी चुकले. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मला माफ कर."

शिक्षकानं मुलीची माफी मागितलेली त्या वाड्यानं कधी बघितली नव्हती. गोदी जवळ्यात हात घालून तशीच राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक म्हातारी तिच्यावर खेकसली, "अगो, रडतंस कनाला? बाय तुज्या दारात आली हाय."

"शिकवायला आले नाही मी," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि जवळा उलटायला लागल्या. त्यांचा हात या कामाला सरावलेला होता. कोळणी एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यानंतर महिनाभर गोदी दुसऱ्या तासाला यायची आणि हजेरीपटावर तिचं नाव दुसऱ्या तासालाच घेतलं जायचं. कर्णिक गुरुजींनी हे कुणाला सांगितलं नाही, ही त्यांची थोरवी.

पुढच्या शनिवारी बाईंनी गोष्ट सांगितली ती एका शिक्षिकेची. तिनं एका मुलीचं दुःख न विचारता त्याची गोष्ट केली आणि वर्ग हसवला. सगळी गोष्ट त्यांनी सरळ सांगितली, स्वतःला कुठं वाचवलं नाही. "आता त्या बाईनं पुढं काय करावं?"

कुणी हात वर करेना. शेवटी गोदीच उठली.

"बाईनं आधी विचारायचं. मंग गोष्ट करायची."

"बरोबर," बाई म्हणाल्या. आमच्या कुणाच्या उत्तराला त्यांनी बरोबर म्हटलेलं मी ते एकदाच ऐकलं.

त्या नियमाची खरी कसोटी सातवीत लागली. सातवीची फायनल परीक्षा मुरूडला व्हायची. आमच्या वर्गात त्या वर्षी नऊ मुलगे आणि दोघीच मुली, गोदी आणि मी. माझ्या बापानं हो म्हटलं, कारण मामाचं घर मुरूडला होतं. धोंडू नाखव्यानं नाही म्हटलं. तो काही वाईट माणूस नव्हता. बायको आता काठी घेऊन घरात चालू लागली होती, घराला गोदीचे हात हवे होते, आणि मुलीनं कागद मिळवून करायचं काय, हा त्याचा प्रश्न होता.

गोदी बाईंकडं गेली. मी बरोबर होते. "बाई, तुम्ही आमच्या बाबांना सांगा. तुमचं ऐकतील."

बाई तांदूळ निवडत होत्या. "मी सांगितलं तर ऐकतीलही," त्या म्हणाल्या. "एकदा ऐकतील. पुढच्या वेळी मी कुठं असेन? तुझं तू सांग."

"मी सांगितलं तर मारतील."

"मारतील असं वाटत असेल तर मी येऊन बसते. पण बोलणार नाही."

गोदी चिडली. वाटेत माझ्याशी बोललीसुद्धा नाही. दोन दिवस ती कुठंतरी हरवल्यासारखी होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आज चार वाजता घरी ये. बाईंना पन बोलवलंय. तू नुस्ती बस."

चार वाजता धोंडू नाखवा अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याची आई, म्हणजे गोदीची आजी, दाराशी पाय पसरून बसली होती. बाई आल्या, ओट्याच्या कडेला टेकल्या. नाखव्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाय, परीक्षेचं बोलायला आली असशील तर माजं उत्तर न्हाय हाय."

"मी काही बोलायला आले नाही," बाई म्हणाल्या. "गोदीला गोष्ट सांगायचीय म्हणे."

गोदी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ती सांगू लागली.

"एक म्हातारी व्हती. तिचा धाकला लेक बोटीवर खलाशी व्हता. दूर देशात. वरीसभर त्याची खबर न्हाय. एक दिस त्याचं पत्र आलं. घरात कुनालाच वाचता येई ना. मंग मोठा लेक पत्र घेऊन दुकानावर गेला. म्हातारी त्याच्या मागून गेली. सगला वाडा जमला. दुकानदारानं पत्र मोठ्यानं वाचलं. त्यात लिवलं व्हतं, दादा, माजी छाती दुखते, मी इस्पितलात हाय, पर आईला सांगू नको. ती जेवन सोडील."

नाखव्याच्या हातातली सुई थांबली.

"म्हातारी पुढंच बसली व्हती," गोदी म्हणाली. "सगली जना तिच्या तोंडाकडं बघाला लागली. तिला रडाला आडोसापन गावला न्हाय. ती तशीच उठली आनि सगल्यांच्या मधून घरी चालत आली." ती थांबली. मग म्हणाली, "मी इथवर आनलं, बाबा."

ही गोष्ट कुणाची, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाखव्याचा धाकटा भाऊ पुढं बरा होऊन घरी आला होता, आता तो स्वतःच्या होडीवर जात होता. पण ते पत्र दुकानावर नेलं होतं धोंडू नाखव्यानंच.

त्याचा चेहरा लाल झाला. तो उठला आणि ओरडला, "माज्या आईची बेअब्रू तू चव्हाट्यावर मांडतंस?"

"तिनं मला इचारलंय," म्हातारी दारातून म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. "परवा माज्या पायाशी बसून इचारलं, आजी, तुजी गोष्ट सांगू का? मी म्हटलं, सांग. दहा वरसं झाली, कुनीतरी सांगाला पायजे व्हती." मग ती लेकाकडं वळली. "धोंडू, माजं पुढचं पत्र माजी नात वाचल. दार लावून."

नाखवा खाली बसला. जाळं मांडीवर घेतलं, सुई शोधू लागला. सुई त्याच्या हातातच होती. मग वर न बघता त्यानं विचारलं, "परीक्षा कवा हाय?"

बाई खाडीकडं बघत होत्या. परतताना त्यांनी एकदा पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "माशांच्या वासानं असं होतं." मिठागरात वाढलेल्या बाईला माशांच्या वासानं!

गोदी पास झाली. मीही झाले, पण तिच्यापेक्षा कमी. दोन वर्षांनी तिचं लग्न दिघीला झालं, पलीकडच्या काठाला. ती पुढं शिकली नाही. पण दिघीच्या कोळीवाड्यात कुणाचंही पत्र आलं की ते गोदीकडं जायचं, आणि गोदी ज्याचं पत्र त्याला आत घ्यायची, दार लावायची आणि हळू आवाजात वाचायची. कुणी कितीही ओळखीचं असलं तरी दाराबाहेर. रशीद पुढं जहाजावर गेला. त्याची पत्रं मशिदीजवळच्या त्याच्या घरी यायची, आणि त्याच्या अम्मीला अक्षरओळख नव्हती म्हणून ती मला बोलवायची. मीही दार लावून घ्यायला शिकले.

जिल्हा परिषद झाली त्या सुमारास बाईंची बदली पालीकडं झाली. निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. हार नको, भाषण नको. त्या गेल्या तेव्हा मी माझ्या मामाकडं होते, त्यामुळं त्यांना निरोप द्यायचा राहूनच गेला. हे मला बरीच वर्षं लागून होतं.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा सासूबाईंना घेऊन आम्ही पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो. दर्शन झालं. परतीच्या एसटीला वेळ होता. मिस्टर सासूबाईंना घेऊन चहाच्या दुकानात बसले आणि मी बाईंच्या शाळेची चौकशी करत निघाले. शाळा सापडली, पण सुट्टी झाली होती. मागच्या मैदानातून पोरींचा गलका ऐकू येत होता.

मैदानात धूळ उडत होती. एका मोठ्या काळ्या सायकलीवर, काष्टा घट्ट खोचून, ताठ बसून म्हात्रेबाई सायकल शिकत होत्या. केस पुढून पांढरे झाले होते. मागचं कॅरिअर धरून दहा-बारा वर्षांच्या दोन मुली धावत होत्या आणि ओरडून सांगत होत्या, "बाई, खाली नका बघू! समोर बघा! पायडल मारा!" बाई मुकाट्यानं त्यांचं ऐकत होत्या. इतकं मन लावून कुणाचं ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी कुंपणाच्या वाटेवर उभी होते. मुलींनी एकमेकींना खूण केली आणि हात सोडले. बाईंना कळलं नाही. सायकल एकदा डावीकडं झुकली, एकदा उजवीकडं, आणि मग सरळ झाली. सरळ माझ्याच दिशेनं.

"बाई!" मी हाक मारली. माझ्या तोंडून हाक निघाली हेच मला नवल.

त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावर ते दिसलं. "सुमन!" त्या ओरडल्या. "बाजूला हो गं! उतरायचं अजून शिकवलं नाही पोरींनी!"

मी उडी मारून बाजूला झाले. लुगड्याचा वारा माझ्या अंगाला लागला. बाई माझ्या समोरून गेल्या, मैदानाचं टोक आलं तेव्हा मोठं वळण घेतलं, पडल्या नाहीत, आणि दोन्ही पोरी टाळ्या वाजवत त्यांच्या मागं धावत सुटल्या. लांबून एसटीचा भोंगा ऐकू आला. मिस्टर हाका मारत होते. मी मागं बघत बघत चालू लागले, आणि रस्त्याला लागेपर्यंत बाईंचा दुसरा फेरा सुरू झाला होता.